बाळाचे इसब आणि बाळाचे पोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपविला होता. मी हा विषय घेतला तो एवढ्याकरिता की, हळदीकुंकू असो, बारसे असो, की बचत गटाची बैठक असो, जेथे जेथे तान्ह्या मुलांच्या आया भेटतात तेथे तेथे हाच प्रश्न फिरून फिरून कानावर येतो. बाळाचे गाल लाल झाले आहेत, ते खाजवून खाजवून रक्त काढते, रात्रभर झोपत नाही, आणि पोटही ठिकाणावर नाही. कधी ओकते, कधी हिरवे-फेसाळ जुलाब होतात, कधी तीन-तीन दिवस शी होत नाही. मग घरातील वडीलधारी बाई निकाल देतात, "लेकराच्या पोटात गरमी हाय, थे अंगावर निंगाली." आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या ताटलीतून एकेक पदार्थ कमी होऊ लागतो.

हा निकाल कितपत खरा, हेच आज आपल्याला पाहावयाचे आहे. मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून मी पुष्कळ वर्षे काढली, म्हणून दोन शब्द सांगण्याचे धाडस करते. आपण मधूनच अडवून विचारले तरी चालेल. भाषणाच्या शेवटापर्यंत प्रश्न लक्षात ठेवण्याची आपल्याला सवय नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रथम आजार ओळखू या. आपण ज्याला मुलांचे इसब म्हणतो त्याला डॉक्टर अॅटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. 'अॅटॉपी' हा शब्द कोका आणि कुक या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२३ साली ग्रीक भाषेवरून प्रचारात आणला. जागा सोडून असलेले, काहीतरी विचित्र, असा त्याचा अर्थ. नाव विचित्र ठेवले, कारण त्या वेळी त्यांना कारणच उमगले नव्हते. ज्या घराण्यात कोणाला दमा, कोणाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, त्याच घराण्यात हे इसब जास्त दिसते. निम्म्याहून अधिक मुलांना ते पहिल्या वर्षातच होते. तान्ह्या बाळात गाल, कपाळ आणि हातापायांची बाहेरची बाजू लाल व खरखरीत होते. मूल मोठे झाले की ते कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत जाऊन बसते. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही. म्हणून अशा मुलाला पाळण्यापासून, अंगणवाडीपासून किंवा आतेमामे भावंडांपासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

येथे एक सावधगिरी सांगते. घरातील सगळेच रात्री खाजवीत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या असतील, तर ती खरूज आहे आणि तिचे औषध वेगळे. कडा उठलेले गोल चट्टे असतील तर तो नायटा. या तिन्हींना एकच मलम लावण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणावयाचे, आणि दुकानदार देईल ती लावावयाची. त्या ट्यूबेत बहुधा जोरकस स्टेरॉइड असते. सरकारने २०१८ साली अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला तो उगाच नव्हे. नायट्यावर ते लावले तर तो पसरतो. बाळाच्या गालावर महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते. इसबावर स्टेरॉइडचे मलम चालते, एवढेच नव्हे तर ते उत्तम औषध आहे. पण कोणते, किती व किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे होते कशाने?

आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती आठवा. गिलावा धड असला की पाऊस आत येत नाही आणि गारवा बाहेर जात नाही. गिलाव्याला भेगा पडल्या की ओल आत शिरते, मुंग्या शिरतात, आणि भिंत आतून पोखरली जाते. कातडीचेही असेच आहे. २००६ साली स्कॉटलंडातील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की, कातडीचा गिलावा पक्का ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. ते ज्यांच्या अंगात जन्मतःच कमी बनते त्यांना इसब होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. म्हणजे इसबाची सुरुवात पोटातील गरमीत नाही. ती बहुतेक वेळा कातडीच्याच दुबळेपणात आहे. त्यातला पाणी धरून ठेवण्याचा गुण जातो, ती कोरडी पडते, खाज सुटते, मूल खाजवते, आणि खाजवल्याने भेगा आणखी वाढतात.

तर मग सासूबाईंचे म्हणणे सर्वस्वी खोटे का? तसेही नाही. मला तर त्यांच्या निरीक्षणाचे कौतुकच वाटते. इसब असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात, हे डॉक्टरांनीही पाहिले आहे. फक्त त्यांचा परस्परांशी संबंध आपण समजतो तसा सरळ नाही.

काही मुलांना एखादे अन्न खरोखरच सोसत नाही. शरीर त्या अन्नालाच शत्रू समजते. यालाच अॅलर्जी म्हणावयाचे. ती दोन तऱ्हेची असते आणि दोहोंतला फरक आईने ओळखला पाहिजे. पहिली झटपट येते. पदार्थ पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, ओकारी होते, क्वचित श्वास लागतो. दुसरी सावकाश येते, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी. तीत बाळ सारखे ओकते, पोट मुरडून रडते, शीत आव आणि रक्ताच्या रेघा दिसतात, किंवा उलट शी घट्ट होऊन अडते. आणि इसबही त्याबरोबर भडकते. या दुसऱ्या तऱ्हेतच घोटाळा होतो, कारण तीन दिवसांपूर्वी काय खाल्ले याचा हिशेब कोण ठेवतो?

कोणत्या पदार्थांची अॅलर्जी होते? गायी-म्हशीचे दूध, अंडे, गहू, सोयाबीन, शेंगदाणा, मासे, ही त्यातली मुख्य नावे. वांगे, चिंच, टोमॅटो, लिंबू यांना आपण सर्वांत आधी दोष देतो. पण आंबट पदार्थाचा रस तोंडाभोवती लागून तेथील दुखरी कातडी लाल होते, ती झोंबल्याची लाली असते. ती अॅलर्जी नव्हे.

आणि अशी मुले किती? १९९८ साली अमेरिकेत बॉल्टिमोर येथे मध्यम ते तीव्र इसब असलेल्या ६३ मुलांची नीट तपासणी झाली. त्यांपैकी ३७ टक्क्यांना अन्नाची झटपट येणारी अॅलर्जी निघाली. म्हणजे दवाखान्यापर्यंत जाण्याइतके इसब असलेल्या मुलांतही जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना ती नव्हती. ज्यांचे इसब हलके आहे त्यांच्यात तर प्रमाण आणखी कमी असते. आपल्याकडे मात्र दहापैकी दहांचे दूध बंद होते.

आता याची उलटी बाजू सांगते, आणि माझ्या मते आजच्या भाषणातील ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. पोटातून कातडीवर, असाच रस्ता आपण आजवर धरीत आलो. पण रस्ता कातडीतून पोटाकडेही जातो. २००३ साली इंग्लंडात डॉ. गिडियन लॅक यांनी शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलांचा मागोवा घेतला. त्यांना असे आढळले की, अशा पुष्कळ मुलांच्या सुजलेल्या कातडीला तान्हेपणी शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे चोळलेली होती. तोंडाने दाणा खाण्यापूर्वीच फाटक्या कातडीतून त्याची ओळख झाली, आणि ती वैरभावाने झाली. असाच एक प्रकार जपानात मोठ्या माणसांत घडला. चेहऱ्याला लावण्याच्या एका साबणात गव्हापासून काढलेले प्रथिन घातलेले होते. तो साबण वापरणाऱ्या दोन हजारांवर लोकांना, त्यांत बहुतेक बायकाच, गव्हाची अॅलर्जी जडली. वर्षानुवर्षे गहू खात आलेल्या बाईचे डोळे पाव खाल्ल्यावर सुजू लागले. तेव्हा कोठे तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला.

आता आपण आपल्या मोरीकडे पाहू. बाळाला न्हाऊ घालताना आपण काय काय चोळतो? हरभऱ्याचे पीठ, साय, मसुरीचे पीठ, कच्चे दूध, कणकेचा गोळा, शेंगदाण्याचे नाही तर तिळाचे तेल, कोठे मोहरीचे. ज्याची कातडी धडधाकट आहे त्या बाळाला यातले काही बाधत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुले अशीच वाढली. पण ज्याचे गाल फुटलेले आहेत त्याच्या कातडीवर खाण्याचे पदार्थ चोळणे बंद केलेच पाहिजे. पिठाने घासल्यामुळे आधीच दुबळा असलेला गिलावा निघतो तो वेगळाच. कोमट पाण्याने पाच-सात मिनिटांत आंघोळ आटपावी, सौम्य साबण लागेल तेवढाच लावावा, अंग घासून न पुसता टिपावे, आणि कातडी ओलसर आहे तोवरच भरपूर व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेले मऊ मलम लावावे. दिवसातून दोनदा तरी लावावे. खोबरेलही चालते. ते खाण्याचेच ना, असे कोणी म्हणेल. परंतु नारळाची अॅलर्जी फार विरळा. मोहरीचे तेल मात्र अशा बाळाला नको. तसेच बिब्बा. पोट दुखते म्हणून बेंबीभोवती बिब्बा लावण्याचा प्रकार अजून कोठे कोठे ऐकू येतो. बिब्ब्याचे तेल चांगल्या कातडीलाही फोड आणते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ते ऐकून आपण हळहळतो. बिब्बा हा त्याचाच थोरला भाऊ समजा.

आपला जिल्हा सोयाबीनचा. दिवाळीच्या आगेमागे मळणी चालते तेव्हा गावावर धुळीचा पडदा असतो. स्पेनमध्ये बार्सिलोना बंदरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एकाच दिवशी दम्याचे असंख्य रोगी दवाखान्यात येत. पुढे शोध लागला की, त्या त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरविले जात होते आणि त्याच्या टरफलांची धूळ हवेत पसरत होती. तेव्हा इसबाच्या किंवा दम्याच्या लेकराला मळणीच्या खळ्यावर गोणपाटावर निजवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

अन्न तोंडानेच वेळेवर दिले तर काय होते, याचाही प्रयोग झाला आहे. लंडनमध्ये डॉ. लॅक यांनीच तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित खाऊ घातले, निम्म्यांना अजिबात दिले नाहीत. मुले पाच वर्षांची झाल्यावर २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना दाणा दिला नव्हता त्यांच्यात शंभरात सतरा मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी निघाली. ज्यांना दिला होता त्यांच्यात शंभरात तीनच. त्यापूर्वी कितीतरी वर्षे मोठमोठे डॉक्टर आयांना सांगत होते की, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत दाणा दाखवू नका!

याचा अर्थ घरी जाऊन आजच बाळाला दाणे भरवा असा नव्हे. सहा महिने निव्वळ आईचे दूध, आणि मग वरचे अन्न, हा नियम कायम आहे. सहा महिन्यांनंतर वरण, भात, गव्हाची पेज, दही हे जसे एकेक करून देतो तसे अगदी बारीक केलेले दाण्याचे कूट पातळ करून बोटभर द्यावे. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत मुळीच नको, तो श्वासनळीत जातो. आणि ज्या बाळाचे इसब जबर आहे, किंवा एखाद्या पदार्थाने ज्याच्या अंगावर पूर्वी गांध्या उठल्या आहेत, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.

आता मला मुख्य काळजीची गोष्ट बोलावयाची आहे. इसबाने मूल सहसा दगावत नाही. पण इसबासाठी केलेल्या पथ्याने ते खंगते.

वॉर्डात एकदा दीड वर्षाची मुलगी आली होती. नावगाव सांगत नाही. आठव्या महिन्यात इसब निघाले. प्रथम कोणी सांगितले दूध बंद करा, ते केले. नंतर तुरीचे वरण उष्ण म्हणून बंद झाले. मग दाणे, मग केळे, कफ होतो म्हणून दही. दर खेपेला आठ-दहा दिवस बरे वाटे, कारण इसब आपल्या आपणही कमी-जास्त होत असते, आणि घरातल्यांचा समज पक्का होई. शेवटी तांदळाची पेज, साबुदाणा आणि साखरपाणी एवढ्यावर ते लेकरू आले. खाज होती तेवढीच होती. पायावर सूज आली तेव्हा आईबापांनी दवाखाना गाठला. ती सूज अॅलर्जीची नव्हती, उपासमारीची होती. आणि ती काही गरिबाघरची पोर नव्हती, घरी दोन म्हशी होत्या. तपासणीत दुधाची अॅलर्जी निघाली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ परत सुरू केला, कातडीला नियमाने मलम लावले, आणि दीड महिन्यात मुलगी ओळखू येईना इतकी सुधारली. तिची आजी मला म्हणाली, "बाई, आमी काय वैरी होतो का वं तिचे?" वैरी कोणीच नव्हते. प्रत्येकाने मायेनेच एकेक घास काढून घेतला होता.

हे आपल्याच अडाणीपणामुळे होते असे कोणी समजू नये. २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी बावीस महिन्यांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला इसब होते, दूध सोसत नाही असा समज होता, म्हणून दुधाऐवजी तांदळाचे तयार पेय देत असत. त्याला क्वाशिऑरकर झाला. डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी १९३३ साली आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, या रोगाचे वर्णन केले, तो हाच अपपोषणाचा रोग. त्यात अंग सुजते आणि कातडीची पापुद्रे निघतात. म्हणजे कातडीसाठी अन्न तोडावे आणि अन्न तोडल्याने कातडी आणखी उलावी, असा हा फेरा आहे.

आपल्या गावात हा धोका थोडा अधिकच आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे हे गाव. येथील जैन घरांतच नव्हे, इतरही पुष्कळ घरांत अंडे, मासे येत नाहीत. अशा घरातल्या मुलाला ब-१२ हे जीवनसत्त्व मिळण्याचे ठिकाण मुख्यतः दूध, दही, ताक एवढेच. ते बंद केले आणि त्याऐवजी काही दिले नाही तर रक्त कमी होते, मूल सुस्त पडते, चालू लागलेले मागे पडते. प्रथिने आणि चुनाही त्याच पेल्यातून जातो. म्हणून शाकाहारी घरातील मुलाचे दूध तोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, आणि डॉक्टरांनी तोडावयास सांगितलेच तर "त्याच्या बदली काय देऊ?" हे विचारल्याखेरीज खुर्चीवरून उठू नये.

आणखी एक गोष्ट अलीकडे लक्षात आली आहे. जे अन्न मूल आजवर पचवीत होते ते महिनोन्महिने बंद ठेवले, आणि मग एकदम दिले, तर काही मुलांना पूर्वी नव्हती ती झटपट अॅलर्जी नव्याने दिसते. पोटाची ओळख मोडते, म्हणा ना. तेव्हा सहज म्हणून बंद करून पाहू, यात काय बिघडते, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

मग खरी परीक्षा कशी करतात? संशय असलेला एकच पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे बंद ठेवावयाचा, त्या काळात कातडी आणि शी यांची टिपणे वहीत ठेवावयाची, आणि मग तो परत देऊन पाहावयाचा. बंद केल्यावर सुधारले आणि परत दिल्यावर पुन्हा बिघडले, दोन्ही झाले तरच दोष त्या पदार्थाचा. आपण निम्मी परीक्षा करतो, परत देऊन पाहतच नाही. मात्र ज्याला पूर्वी झटपट अॅलर्जी झाली असेल त्याला परत देऊन पाहण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये. रक्ताच्या तपासणीत काही पदार्थांची नावे निघतात, परंतु नाव निघाले म्हणजे तो पदार्थ सोसत नाहीच असे नसते. इसबाच्या पुष्कळ मुलांत अशी नावे नुसतीच निघतात. केसांवरून अॅलर्जी सांगणाऱ्यांना तर सरळ नमस्कार करावा.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे इसब वाढले की आईचेच जेवण तोडतात. बाळंतिणीला आधीच आपल्याकडे पथ्ये थोडी का असतात! आईने आपल्या मनाने काही सोडू नये, आणि अंगावर पाजणे तर कोणत्याही सबबीवर बंद करू नये. शेळीच्या दुधाचेही सांगते, कारण हा सल्ला फार मिळतो. गायीच्या दुधाची खरी अॅलर्जी असेल तर शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने इतकी मिळतीजुळती आहेत की बहुतेकांना तीही सोसत नाहीत.

सगळेच पुरळ इसबाचे नसते, आणि येथे पोट व कातडी यांचे नाते अगदी उघड दिसते. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांवर लालभडक चट्टे, केस गळणे, आणि त्याबरोबर न थांबणारे जुलाब, असा एक विरळा रोग आहे. आईचे दूध सुटल्यावर तो बहुधा दिसू लागतो. यात आतडी जस्त शोषून घेत नाहीत. पूर्वी अशी मुले वाचत नसत. लंडनचे डॉ. मोयनाहन यांनी १९७३-७४ मध्ये दाखविले की, पोटातून जस्त दिले की थोड्याच दिवसांत कातडीही साफ होते आणि जुलाबही थांबतात. आपल्या आशाताई साध्या जुलाबात मीठ-साखरेच्या पाकिटाबरोबर चौदा दिवस ज्या गोळ्या देतात त्या जस्ताच्याच. जुलाब थांबले की आपण त्या तिसऱ्या दिवशी बंद करतो, तसे करू नये. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा दिसे, त्यातही उन्हाने कातडी काळवंडे आणि जुलाब होत, हैदराबादच्या डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीशी जोडला, पुढे त्यावर वादही झाला. भाकरीबरोबर वरण आणि ताक असले म्हणजे त्याची भीती नाही.

जंतांबद्दल दोन शब्द. अंगावर काही उठले की जंत, असे आपले गणित आहे. जंतांनी इसब होत नाही. पण जंत रक्त आणि भूक दोन्ही खातात, म्हणून जंतनाशक दिनी अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणारी गोळी इसबाच्या मुलालाही अवश्य द्यावी.

दही आणि त्यातल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या याविषयी हल्ली फार बोलले जाते. फिनलंडमध्ये तुर्कू येथे २००१ साली असे दिसले की, बाळंतपणापूर्वी आईला आणि नंतर बाळाला ते जंतू दिले तर दोन वर्षांपर्यंत इसबाचे प्रमाण निम्म्यावर आले. त्यावर मोठी आशा बसली. परंतु झालेले इसब त्यांनी बरे होते का, याचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून २०१८ साली पाहिले तेव्हा फारसा फरक आढळला नाही. घरचे ताजे दही अन्न म्हणून खुशाल द्या. महागड्या पुड्यांचे पैसे वाचवून व्हॅसलीनचा मोठा डबा घ्यावा, असे माझे मत.

बाळगुटीविषयी मी टीका केली तर येथील निम्म्या भगिनी रागावतील. वेखंड-जायफळाशी माझे भांडण नाही; भांडण आहे ते न धुतलेल्या सहाणेशी, आणि गुटीत घातलेल्या मधाशी. मध एक वर्षाच्या आत नको, आणि सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काहीच नको.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे ते सांगून मी आवरते. शीत रक्त, सारखी ओकारी, दोन महिने वजन न वाढणे, घास गिळताना अडकणे किंवा मोठ्या मुलाने जेवणच नाकारणे, इसबावर पिवळ्या खपल्या व ताप, किंवा एकाएकी बारीक दुखरे फोड, यांपैकी काहीही असले तर थांबू नये. खाल्ल्यावर तोंड सुजून श्वास लागला तर त्या क्षणी १०८ ला फोन करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, आणि मुलांच्या ज्या आजारांची ते तपासणी करते त्यांच्या यादीत इसबही आहे. त्या दिवशी पाहुण्याकडे जाऊ नका. अकोल्याला वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, आणि २०२४ साली वाशीमलाही सुरू झाले. पूर्वीसारखी नागपूरची वाट धरण्याची गरज प्रत्येक वेळी उरलेली नाही.

भाषणानंतर भगिनींनी काही प्रश्न विचारले. त्यांतील दोन येथे देते.

एका भगिनीने विचारले की, मुलाला इसब असताना लसी द्याव्यात का? सर्व द्याव्यात. अंड्याची अॅलर्जी असली तरी गोवराची लस देता येते. पूर्वी कोणत्याही लसीनंतर लगेच अंग सुजले किंवा श्वास लागला असेल तर मात्र ते टोचण्यापूर्वी सांगावे.

दुसरीने विचारले, हे जन्मभर राहते का? पुष्कळ मुलांत शाळेत जाण्याच्या वयापर्यंत ते बरेच कमी होते, काहींत पुढेही राहते, आणि काहींना मागाहून शिंका किंवा दमा लागतो. दुधाची अॅलर्जी बहुतेकांची जाते, म्हणून एकदा बंद केलेले दूध कायमचे बंद असे समजू नये. डॉक्टरांकडून ते पुनःपुन्हा तपासून घ्यावे. शेंगदाण्याची मात्र बहुतेकांची राहते. अशा मुलाच्या बाईंना आणि डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणींच्या आयांनाही ते सांगून ठेवावे, कारण आपल्याकडे उसळीत, चटणीत, लाडवात, आणि उपासाच्या तर प्रत्येक पदार्थात दाण्याचे कूट असते.